तेहेतिसावा प्रश्न

त्या फॉर्मात बत्तीस प्रश्न होते, आणि ज्या कोणी ते लिहिले त्याने आयुष्यात एकदाही तांदूळ निवडले नसावेत. ‘मध्यम प्रकाशात वृत्तपत्राचा मथळा वाचण्यात आपणास अडचण भासते काय?’ हा पहिला. तो घणसोली गावातल्या साठीच्या पुढच्या बायकांना विचारायचा, आणि त्यातल्या एकीलाही अक्षरओळख नव्हती. ‘रस्त्यापलीकडील परिचित व्यक्तीचा चेहरा ओळखण्यात आपणास अडचण भासते काय?’ हा नववा. गावठाणातल्या त्या गल्ल्यांना पलीकड नावाची गोष्टच नव्हती. हात लांब केला की समोरच्या घराच्या भिंतीला लागायचा. मूळ प्रश्न परदेशातले होते म्हणे, इथे बसून कोणीतरी त्यांचं मराठी केलं होतं. कोणी, ते मला कधी कळलं नाही. कळलं असतं तर दोन शब्द ऐकवून आले असते.

साल १९८६. वडील, सिताराम, बेलापूरच्या एका सरकारी ऑफिसात शिपाई. आम्ही नेरूळला एका खोलीत राहायचो. मी बी.ए. होऊन घरात बसले होते, तेव्हा वडिलांनीच या सर्वेक्षणाची खबर आणली. ‘शांती, तुझ्या तोंडाला काम मिळालं,’ म्हणाले. कमी दिसणाऱ्या माणसांना रोजच्या कामात काय त्रास होतो, ते घरोघर जाऊन विचारायचं. प्रत्येक प्रश्नापुढे चार चौकोन: अडचण नाही, थोडी, बरीच, करताच येत नाही. आपण फक्त खूण करायची. वाद घालायचा नाही, सुचवायचं नाही, प्रश्न बदलायचा नाही.

यातली मेख अशी की डोळे तपासायला डॉक्टर घरोघर येणार नव्हते. डॉक्टर महाग, प्रश्न स्वस्त. फॉर्मावरून यादी लागणार, ज्यांची अडचण सगळ्यात जास्त अशा बारा जणांना गावातून नोव्हेंबरच्या शिबिरात नेणार आणि त्यांचा मोतीबिंदू काढणार. पुढचं शिबिर दोन वर्षांनी. ठाण्याच्या इस्पितळात एरवीही ऑपरेशनं होत होती, पण तिथवर नेणारं माणूस लागतं, आणि म्हातारीसाठी दिवस मोडणारं माणूस कुठल्या घरात असतं ते मला सांगू नका.

गिरजाबाईंच्या घरी मी सोमवारी गेले. ओटीवर, खांबाला पाठ टेकून, त्यांचे थोरले दीर मारोती बसले होते. त्यांची ती ठरलेली जागा. पाठीने घासून खांब गुळगुळीत झाला होता. त्यांची बायको चांगुणाबाई उंबऱ्यात. आणि आत, दारासमोरच, गिरजाबाई सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. नवरा, धर्मा, जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. डावा डोळा पांढरा. तीन वर्षांपूर्वी मोतीबिंदू पिकून पिकून आतून ठणका लागला, महिनाभर भिंतीला डोकं आपटलं, आणि डोळा कायमचा गेला. हे सगळं मला चांगुणाबाईंनी सांगितलं, पाहुण्याला घरातलं जुनं भांडं दाखवावं तसं.

“दुसरा डोला सोन्यासारका हाय पन तिचा,” त्या म्हणाल्या. “सगला करतं ती घरान.”

मी प्रश्न सुरू केले. गिरजाबाई सुपातून मान वर न करता उत्तर द्यायच्या.

“सुईत दोरा ओवता येतो का?”

“ववते की. जिबेवर सुई, जिबेवर दोरा.”

अडचण नाही.

“पायऱ्या उतरताना?”

“तीन हायत. तीन मोजायच्या नि उतरायचा.”

अडचण नाही.

“ओळखीच्या माणसाचा चेहरा?”

इथे त्या हसल्या. “बापयांच्या तोंडाकं कोन बगतं, बाय? आमी पायावरशी वलखतो.”

ओटीवरून मारोती खाकरले. “लिवा, लिवा. आमच्या घरान कुनाला काय आडचन नाय.”

मी लिहिलं. बत्तीसच्या बत्तीस खुणा एका सरळ रेघेत उतरल्या. कागद इतका नीट दिसत होता की मला बरं वाटलं. आजही ते आठवलं की मला माझ्याच कानाखाली काढावीशी वाटते. सुपातल्या खड्यांवरून त्यांची बोटं फिरत होती, नजर फिरत नव्हती, हे माझ्या दोन चांगल्या डोळ्यांसमोर घडत होतं.

मी फॉर्म पिशवीत घालत होते, तेवढ्यात मारोती उठले. अनवाणी पायांनी घराला वळसा घालून मागच्या दाराने आत आले, तंबाखूची डबी घ्यायला. गिरजाबाई दमून पाय पसरून बसल्या होत्या. पदर खांद्यावर घसरलेला, पाय थेट मागच्या दाराकडे. मारोती दारात थांबले. त्या हलल्या नाहीत.

“ए गिरजे!” चांगुणाबाई कडाडल्या. “थोरला मानूस येऊन उबा र्‍हायला नि तू तंगरी पसरून बसलीस! शरम इकून खाल्लीस का?”

गिरजाबाई धडपडून उठल्या. पदर डोक्यावरून ओढला, खाली मान घातली, आणि आदबीने उभ्या राहिल्या. ओटीवरच्या खांबाकडे तोंड करून. खांबापाशी कोणी नव्हतं. मारोती त्यांच्या पाठीमागे तीन हातांवर उभे होते.

“बगा,” चांगुणाबाई मला म्हणाल्या, “पाठ दावतं आता. शिमग्यापासून ही आशीच माजलेय.”

आणि मला कळलं. माझ्या पिशवीत शंभर टक्के डोळस बाईचा कागद होता, आणि समोर ती बाई एका लाकडाला मान देत उभी होती.

मी तशीच बेलापूरला सर्वेक्षणाच्या ऑफिसात आले. आमच्या साहेबांना सांगितलं, या बाईंना दिसत नाही, फॉर्म चुकलाय. साहेब सभ्य माणूस. कधी आवाज चढवला नाही, आणि त्याचाच मला जास्त संताप यायचा.

“त्या काय म्हणाल्या?” त्यांनी विचारलं.

“अडचण नाही म्हणाल्या. पण—”

“मग अडचण नाही. शांती, आपण उत्तरं गोळा करतो. आपली मतं नाही.”

“साहेब, त्या खांबाला नमस्कार करतात!”

“खांबाबद्दल फॉर्मात प्रश्न आहे का?” हे त्यांनी थट्टेने नाही, खरंच विचारलं. मग समोरचे कागद दाखवले. “हे बघा, किती रोचक आहे. घणसोलीत पुरुषांपेक्षा स्त्रियांना अडचण निम्म्याने कमी. यावर लिहिता येईल.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बायका चुलीपुढे चाचपडतात, बोटं भाजून घेतात, आणि दिराच्या, मुलाच्या, सुनेच्या देखत विचारलं की म्हणतात, करते ना. काम होतंय ना? मग कसली अडचण? घराला अडचण नव्हती म्हणून बाईला नव्हती. यावर हे लिहिणार होते! मी टेबलावर हात आपटला. शाईची दौत हलली. साहेबांनी ती शांतपणे बाजूला सरकवली.

“शुक्रवारी संध्याकाळी यादी बंद होते,” ते म्हणाले. “पुन्हा विचारायचं तर विचारा. पण उत्तर त्यांचंच हवं. आणि नाव लागलं तर घरच्या जबाबदार माणसाची सही. आठ दिवस शिबिरात, पुढे चाळीस दिवस वाकायचं नाही, उचलायचं नाही.”

गुरुवारी मी पुन्हा घणसोलीला गेले, आणि या वेळी घरी गेलेच नाही. ओहोटीची वेळ विचारून खाडीवर गेले. गुडघाभर चिखलात दहा-बारा बायका खुबे काढत होत्या, चिखलात हात घालून शिंपले शोधायचे आणि कमरेच्या टोपलीत टाकायचे. गिरजाबाई त्यांच्यापासून जरा बाजूला होत्या. त्यांची टोपली सगळ्यांहून भरलेली होती. हे काम हातांचं, इथे डोळ्यांना विचारतं कोण?

मी साडी खोचून चिखलात उतरले. “मावशी, मी सोमवारची. फॉर्मवाली.”

“लिवलास ना सगला? मंग आता काय?”

“तुम्हाला दिसत नाही.”

त्यांचा हात चिखलातच थांबला. “हलू बोल,” त्या म्हणाल्या.

“हळू का बोलू? तुम्ही खोटं सांगितलंत. दुसरा डोळा पण पिकलाय. तो ठणका पुन्हा लागेल, हाही जाईल, मग कोणी काही करू शकणार नाही. पुढचं शिबिर दोन वर्षांनी आहे!”

“येवरा दिसतो मना. उजेर दिसतो, कालोख दिसतो.”

“आणि दीर? दीर दिसतात?”

मग टोपलीवर हात ठेवून, बाकीच्या बायकांकडे पाठ करून, त्यांनी सांगितलं. मारोती रस्त्यापलीकडच्या कारखान्यात कामाला होते. पायात कंपनीचे बूट. गल्लीच्या तोंडाशी ते वाजले की गिरजाबाई उठायच्या, पदर घ्यायच्या, बाजूला व्हायच्या. दोन वर्षं उरलेला डोळा विझत आला, पण बूट होते म्हणून कोणाला काही कळलं नाही. शिमग्याच्या आधी मारोती निवृत्त झाले. बूट कंपनीला परत गेले. आता घरात, अंगणात, मागे-पुढे अनवाणी फिरतात, आणि गिरजाबाईंना ते कुठे आहेत ते कळत नाही. त्यांच्यासमोर त्या पाय पसरून बसतात, डोकं उघडं ठेवतात, एकदा तर त्यांच्या अंगावरच गेल्या. घराने अर्थ काढला, बाई माजली. सात महिने त्यांच्याशी कोणी धड बोललं नव्हतं. जेवणाचं ताट मागच्या दारात, एकटीचं.

“अहो, मग सांगायचं ना, दिसत नाही म्हणून!” मी ओरडलेच. दोन बायकांनी माना वळवल्या. “बेशरम म्हणवून घेता, त्यापेक्षा आंधळी म्हणवून घेणं वाईट आहे का?”

“हाय,” गिरजाबाई म्हणाल्या.

मग सासूची गोष्ट निघाली. सासू आंधळी झाली, तेव्हा तिला मागच्या पडवीत नेऊन बसवली. चूल काढून घेतली, खाडी बंद, सण-लग्न बंद. चार वर्षं ती तिथे बसून होती.

“तिची भाकर कोन न्यायचा?” त्यांनी मलाच विचारलं. “मी. दारातनं सरकवायची नि परत यायची. चार वरसां. येक दिस तिच्या बाजूला बसले नाय. तिला आयकू यायचा ना, सगला आयकू यायचा. ती बोलायची, गिरजे, बस जरा. मी बोलायची, काम हाय.”

माझा राग एकदम कुठे ठेवावा ते कळेना. या बाईवर काढावा तर ती स्वतःवर माझ्याहून जास्त रागावलेली. मी पिशवीतून नवा फॉर्म काढला. चिखलाने बरबटलेल्या हातांनीच कागद पालटला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: प्रश्न तेहेतीस.

“थोरले दीर समोर येऊन उभे राहिले तर तुम्हाला कळतं का?”

“नाय,” त्या म्हणाल्या.

“अजिबात?”

“आजाबात नाय. लिव.”

तो एक नाय सुटल्यावर बाकीचे आपोआप सुटले. मी बत्तीसही प्रश्न पुन्हा विचारले, वर्तमानपत्राचासुद्धा. खडा नखाला लागतो तेव्हा कळतो, दिसत नाही. पाणी हंड्यात किती आलं ते आवाजावरून. चहा कपात ओतताना बोट आत धरायचं. त्यांनी बोट पुढे केलं. टोकाची कातडी जळून टणक झाली होती. करताच येत नाही, करताच येत नाही, मी खुणा करत गेले, आणि या वेळी एकही खूण माझी नव्हती.

शुक्रवारी दुपारी मी सहीसाठी घरी गेले. मारोती खांबाला टेकून होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं, गिरजाबाईंचं नाव शिबिराला लागतंय, आठ दिवस तिथे आणि पुढे चाळीस दिवस वाकायचं-उचलायचं नाही, सही करा.

“कशाला?” ते म्हणाले. “डोले बरे हायत तिचे. नाटका करतं.”

“दोन म्हैने कामाला सुट्टी पायजे आसल म्हारानीला,” चांगुणाबाई म्हणाल्या.

आता माझं तोंड सुटलं. सात महिने एक बाई तुमच्या घरात चाचपडतेय आणि तुम्हाला तिचा पदर दिसतो, डोळा दिसत नाही? नाटक करायला तिला कोण बघणारं आहे इथे? तुमच्यात आंधळं कोण आहे, ते आधी तपासायला हवं. गल्लीत माणसं जमली. मारोती ताडकन उठले. मला वाटलं अंगावर येतात, पण ते पायऱ्यांपाशी जाऊन उभे राहिले आणि हात करून म्हणाले, “चल, निग. आमच्या घरान बायका बोलत नाय आशा.”

तेव्हा गिरजाबाई आतून बाहेर आल्या.

लग्न होऊन चाळीस वर्षं झाली होती, थोरल्या दिराशी त्या कधी थेट बोलल्या नव्हत्या. जे सांगायचं ते जावेमार्फत. त्यांनी उंबरा पायाने चाचपला आणि ओटीवर पाऊल टाकलं. पदर कपाळाच्या खालपर्यंत घेतला होता, तसूभर इकडे तिकडे नाही. हात जोडले आणि वाकल्या.

“दादा,” त्या म्हणाल्या, “मना जाऊ द्या. मना दिसत नाय. तुमी येता तवा मना कलत नाय. मी माजली नाय, दादा.”

हे सगळं त्या खांबाला सांगत होत्या; गल्लीतल्या गलक्यात मारोतींचा आवाज कुठून आला ते त्यांना कळलं नव्हतं. मारोती त्यांच्या उजव्या हाताला, पायऱ्यांपाशी उभे होते. गल्लीतली माणसं बघत होती. कोणी हसलं नाही. गिरजाबाई खांबासमोर वाकून उत्तराची वाट बघत राहिल्या.

मारोती तिथून हलले. आवाज न करता, अनवाणी, चार पावलं चालून खांबापाशी गेले आणि त्या जिकडे तोंड करून होत्या बरोबर त्या जागी येऊन उभे राहिले. मग खोकले. मुद्दाम, मोठ्याने, आपण इथे आहोत हे कळावं म्हणून.

“जा,” म्हणाले.

सही त्यांना येत होती. ती त्यांनी केली. गल्लीतल्या एक-दोन बायकांनी डोळे पुसले. मी नाही पुसले. मला मारोतींची दया आली नाही, खरं सांगते. तो एवढासा खोकला सात महिने त्यांच्या घशात होता, आणि तो त्यांना फुकट पडला असता.

साहेबांनी नवा फॉर्म घेतला, मागची बाजू मात्र लाल शाईने खोडली. बत्तीसच प्रश्न आहेत, म्हणाले. नाव बारावं लागलं. नोव्हेंबरात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, जाड भिंगाचा चष्मा मिळाला.

जानेवारीत मी सुट्टीच्या दिवशी घणसोलीला गेले. गिरजाबाई ओटीवर उन्हात पाय पसरून बसल्या होत्या, मांडीवर सूप, पदर खांद्यावर. भिंगांमागे त्यांचा डोळा केवढा तरी मोठा दिसत होता. मला खालपासून वरपर्यंत पाहून म्हणाल्या, “तू येवरीशी हायस व्हय? आवाजावरशी मना वाटला, चांगली दांडगी आसशील.”

आम्ही बोलत होतो तेवढ्यात गल्लीतून मारोती आले. अनवाणी. पायऱ्यांशी थांबून खोकले. आता त्यांना तशी सवय लागली होती. गिरजाबाईंनी मान वर केली आणि सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मारोतींनी खाली बघितलं आणि बाजूने आत निघून गेले.

“मावशी,” मी म्हटलं, “तो शेवटचा प्रश्न राहिलाय. थोरले दीर समोर येऊन उभे राहिले तर कळतं का?”

“कलतं की. चांगला दिसतो.” त्यांनी सुपातला खडा नखाने उचलला, डोळ्यासमोर धरून पाहिला आणि गल्लीत भिरकावला. “पन आता मी उटत नाय.”